सत्तर दिवसांचा विमानतळ

श्रोतेहो, शेत विकत घ्यायला निघालेला शहाणा शेतकरी काय करतो? सातबारा पाहतो, गटाचा नकाशा पाहतो, चतुःसीमा वाचून घेतो. पण तेवढ्यावर तो इसार देत नाही. पायातले जोडे काढून एकदा या बांधापासून त्या बांधापर्यंत चालून येतो. ढेकूळ उचलून हातात फोडून बघतो. पाणी कुठे साचते, हरळी कुठे माजली आहे, जुन्या गाडीवाटेची चाकोरी गवताखाली कुठे लपली आहे, या गोष्टी कागदावर सापडत नाहीत. त्या पायांनाच कळतात.

आज मी तुम्हांला एका विमानतळाची हकीगत सांगणार आहे. हा विमानतळ ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, जंगलात १९४४ च्या मार्च महिन्यात एका रात्रीत आणि एका दिवसात उभा राहिला आणि मे महिन्याच्या मध्यावर मोडला. त्याचे आयुष्य जेमतेम सत्तर दिवसांचे. तिथे इमारत नव्हती की डांबराची धावपट्टी नव्हती. पण तेवढ्या अवधीत हजारो माणसे तिथे उतरली, आणि कित्येक जखमींचा जीव त्या विमानतळामुळे वाचला. या सगळ्या प्रकरणात मोठमोठ्या सेनापतींच्या योजनांपेक्षा सागवानाच्या ओंडक्यांनी मातीत पाडलेले चर महत्त्वाचे ठरले. म्हणून सुरुवातीला शेताची गोष्ट काढली.

आता थोडी मागची हकीगत. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि त्या वर्षीचा पाऊस सुरू होईपर्यंत जवळजवळ सगळा ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला. चीनला जाणारा खुष्कीचा मार्ग तुटला. हिंदुस्थानच्या पूर्व सरहद्दीवर शत्रू येऊन उभा राहिला. मधे होते ते फक्त डोंगर, नद्या आणि घनदाट अरण्य.

या अरण्यातूनच शत्रूच्या पाठीमागे शिरावे आणि त्याच्या रसदीच्या वाटा तोडाव्यात, असा विचार ऑर्ड विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्याने मांडला. त्यासाठी जे सैन्य तयार झाले त्याला ‘चिंडिट’ असे नाव पडले. ब्रह्मी देवळांच्या दाराशी सिंहासारख्या प्राण्याच्या मूर्ती असतात. त्यांना ‘चिंथे’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. या सैन्याचा पहिला सराव सागरच्या बाजूच्या जंगलात झाला. सागर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे आणि त्या प्रांताची राजधानी होती आपले नागपूर. तेव्हा ब्रह्मदेशाच्या लढाईची तालीम आपल्या शेजारघरीच झाली म्हणायला हरकत नाही.

१९४३ च्या फेब्रुवारीत पहिली मोहीम निघाली. सुमारे ३,००० माणसे पायी चिंदविन नदी ओलांडून आत गेली. त्यांनी रेल्वेचे रूळ उखडले, पूल पाडले. तीन-चार महिन्यांनी परत आले ते सुमारे २,२००. त्यांतल्याही पुष्कळांची प्रकृती अशी ढासळली होती की ते पुन्हा लढाईच्या कामाचे राहिले नाहीत. पण या आकड्यांपेक्षा एक गोष्ट सैनिकांच्या मनाला अधिक लागून राहिली. जो जखमी झाला किंवा तापाने पडला, ज्याला चालवेना, त्याला जंगलात मागे सोडून यावे लागले. विमानातून धान्य आणि दारूगोळा खाली टाकता येत होता, पण खालचा माणूस वर उचलून नेण्याची सोय नव्हती. हातात थोडे पाणी देऊन, झाडाखाली बसवून, सोबत्याचा निरोप घ्यायचा आणि पुढे चालू लागायचे. घरापासून हजारो मैलांवर हा प्रसंग ज्याने पाहिला असेल त्याला तो जन्मभर विसरता आला नसेल.

दुसऱ्या मोहिमेची योजना ठरली तेव्हा हाच प्रश्न पुढे होता. ऑगस्ट १९४३ मध्ये कॅनडातील क्वेबेक येथे चर्चिल आणि रूझवेल्ट यांची परिषद भरली. चर्चिल यांनी विंगेटला बरोबर नेले होते. तिथे अमेरिकेने या कामासाठी विमानांचे एक स्वतंत्र पथक देण्याचे मान्य केले. फिलिप कॉक्रन आणि जॉन ॲलिसन हे दोन तरुण अमेरिकन अधिकारी त्याचे प्रमुख. या पथकापाशी मालवाहू विमाने होती, लढाऊ विमाने होती, जखमींना उचलून नेणारी लहान हलकी विमाने होती आणि ग्लायडरही होते.

ग्लायडर म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचे विमान. पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख आणि वरून कापडाचे आच्छादन. मोठ्या विमानाच्या मागे दोर बांधून ते ओढत न्यायचे आणि ठिकाण आले की दोर सोडायचा. मग ते घारीसारखे तरंगत खाली येते. त्यात तेरा-चौदा माणसे किंवा एखादी जीपगाडी मावते. पण एक खोट आहे. खाली जागा वाईट दिसली म्हणून पुन्हा वर उडायची सोय त्याला नाही. एकदा दोर सुटला की जिथे उतरेल तिथे उतरेल.

योजना अशी होती. जंगलातल्या काही मोकळ्या माळांवर रात्री ग्लायडर उतरवायचे. त्यांतून सैनिक, इंजिनिअर आणि लहान बुलडोझर न्यायचे. दिवसभरात माळ सपाट करून धावपट्टी तयार करायची आणि दुसऱ्या रात्रीपासून डाकोटा जातीची मोठी विमाने उतरवायची. या माळांना नावे दिली ती मोठ्या शहरांतल्या गजबजलेल्या रस्त्यांची. एकाचे नाव लंडनच्या रस्त्यावरून पिकॅडिली, दुसऱ्याचे न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून ब्रॉडवे, आणि तिसऱ्याचे आपल्या कलकत्त्याच्या रस्त्यावरून चौरंगी. प्रत्यक्षात तिथे गवत, झाडी आणि रानातले पक्षी यांच्याशिवाय दुसरे काही नव्हते.

५ मार्च १९४४ चा दिवस उजाडला. फाल्गुनाचा शुद्ध पक्ष चालू होता, होळीला चार-पाच दिवस उरले होते. रात्री चांदणे मिळावे म्हणूनच हे दिवस निवडले होते. आसामात, कछारच्या मुलखात, लालाघाट येथे तात्पुरता विमानतळ होता. तिथे ग्लायडर रांगेने उभे होते, दोर अंथरून ठेवले होते. स्वतः विंगेट तिथे होते, चौदाव्या सेनेचे सेनापती स्लिम होते, आणि पहिल्या तुकडीबरोबर जाणारे ब्रिगेडियर मायकेल कॅल्व्हर्टही होते.

शत्रूला संशय येऊ नये म्हणून विंगेटने या माळांवर विमाने फिरवायला बंदी केली होती. पण कॉक्रनला चैन पडेना. त्याने त्या दिवशी शेवटच्या घटकेला एक विमान पाठवून छायाचित्रे काढवली. निघायला थोडा वेळ उरला असताना ती ओली चित्रे लालाघाटला आली. ब्रॉडवे मोकळे दिसत होते. चौरंगीही मोकळे होते. पण पिकॅडिलीच्या माळावर झाडांचे ओंडकेच्या ओंडके आडवे पडलेले होते. त्यावर ग्लायडर उतरवणे म्हणजे माणसांना जाणूनबुजून मरणाच्या तोंडी देणे होते.

विचार करा, श्रोतेहो, त्या क्षणी त्या माणसांच्या मनात काय आले असेल. शत्रूला बेत कळला की काय? फितुरी झाली की काय? पिकॅडिलीवर अडथळे घातले, तर ब्रॉडवेच्या कडेला तो दबा धरून बसला नसेल कशावरून? मोहीम रद्द करावी, तर महिन्यांची तयारी वाया जाते आणि चांदणेही निघून जाते. चौरंगीला जावे, तर ती जागा इरावती नदीच्या दुसऱ्या बाजूला. अखेर ठरले की सगळ्यांनी ब्रॉडवेलाच उतरायचे. पहिली विमाने सायंकाळी सहाच्या सुमारास उडाली.

पुढे उलगडा झाला तो ऐकण्यासारखा आहे. पिकॅडिलीवरचे ओंडके जपान्यांनी टाकलेच नव्हते! तिथल्या ब्रह्मी लाकूडतोड्यांनी सागाची झाडे तोडून ओंडके उन्हात वाळायला टाकले होते. त्यांचे नेहमीचे काम चालले होते. त्यांना ना विंगेट ठाऊक, ना पिकॅडिली. उंचावरून घेतलेल्या चित्राने ओंडके अगदी बरोबर दाखवले. ते कोणी आणि कशासाठी टाकले, एवढे मात्र चित्र सांगू शकले नाही.

याच्या उलट ब्रॉडवेचे झाले. चित्रात तो माळ कसा स्वच्छ, हिरवा, सपाट दिसत होता. पण त्याच मुलखातले ते रान, तोच सागवानाचा धंदा. पावसाळ्यात सागाचे ओंडके त्या माळावरून ओढून नेले जात. ओल्या मातीत त्यांचे खोल चर पडत. पाऊस संपला की चर वाळून दगडासारखे कठीण होत आणि वर उंच गवत वाढून सगळे झाकून जाई. वरून पाहणाऱ्याला दिसे ते गवत, चर दिसत नसे. तिथून एकदा जरी कोणी चालत गेला असता तरी त्याचा पाय मुरगळला असता आणि गोष्ट ध्यानात आली असती. पण शत्रूच्या मुलखात चालून बघणार कोण?

त्या रात्री साठाहून अधिक ग्लायडर निघाले. एका विमानामागे दोन-दोन बांधलेले, आणि ओझे बेसुमार. सात-आठ हजार फूट उंचीचे डोंगर ओलांडताना कित्येकांचे दोर तुटले. काही आसामातच उतरले, तर काही शत्रूच्या मुलखात भलत्याच ठिकाणी पडले. त्यांतली काही माणसे मेली, काही पकडली गेली, काही रानातून वाट काढीत परत आली. एक चमत्कारिक फायदा मात्र झाला. ग्लायडर इथे-तिथे विखरून पडल्यामुळे शत्रूचा रोख नेमका कुठे आहे हे जपान्यांना उमगेना.

ब्रॉडवेपर्यंत तीसहून अधिक ग्लायडर पोहोचले. पहिले उतरले आणि चरांत आपटून त्यांची चाके मोडली. ते जागचे हलेनात. तोवर मागचे येऊन ठेपले. मघाशी सांगितले तसे ग्लायडरला मागे फिरता येत नाही. मागचे पुढच्यावर आदळू लागले. अंधारात लाकूड मोडल्याचे, लोखंड वाकल्याचे आवाज, आणि त्यात माणसांचे कण्हणे. वीसहून अधिक माणसे त्या माळावर ठार झाली आणि तितकीच जखमी झाली. धावपट्टी तयार करण्यासाठी आलेला अमेरिकन इंजिनिअर अधिकारीही मेला.

बिनतारी यंत्रावरून पाठवायचे दोन सांकेतिक शब्द ठरले होते. सगळे ठीक असेल तर ‘पोर्क सॉसेज’ आणि संकट असेल तर ‘सोया लिंक’. सैनिकांच्या शिध्यात सोयाबीनचे एक बेचव खाणे येई. सगळे त्याला कंटाळलेले. ते नाव संकटाला दिले होते. पहाटेपूर्वी लालाघाटला शब्द आला तो ‘सोया लिंक’. वाटेत असलेले मागचे ग्लायडर परत बोलावण्यात आले. लालाघाटला बसलेल्यांनी काय समजावे? त्यांची अशीच समजूत झाली की ब्रॉडवेवर शत्रू तुटून पडला आहे.

उजाडले तेव्हा ब्रॉडवेवर निराळेच चित्र दिसले. शत्रूचा पत्ताच नव्हता. नुकसान झाले होते ते सगळे मातीने केलेले. मेलेल्यांना मूठमाती द्यायची होती, जखमींना सावलीत न्यायचे होते, पण बहुतेक माणसे धडधाकट होती. बुलडोझर आणि इतर यंत्रांपैकी काही शाबूत होती. वरचा अधिकारी गेल्यावर त्याच्या हाताखालच्या तरुणाने काम हाती घेतले. गवत कापले, मोडके ग्लायडर बाजूला ओढले, चर बुजवले. यंत्रे थोडी, तेव्हा सैनिकांनी फावडी आणि हात चालवले. बंदूक चालवायला आलेल्यांनी त्या दिवशी शेतमजुराचे काम केले, आणि त्याच कामाने मोहीम तगली. सकाळीच लालाघाटला दुसरा शब्द गेला, ‘पोर्क सॉसेज’.

त्याच दिवशी हलकी विमाने येऊन जखमींना घेऊन गेली. दिवस मावळला, धावपट्टीच्या कडेला दिवे लागले आणि पहिला डाकोटा उतरला. त्या एका रात्रीत पन्नासाहून अधिक डाकोटा उतरले आणि माल रिकामा करून परत गेले. आदल्या रात्री जिथे माणसे चरांत आपटून मेली, तिथेच दुसऱ्या रात्री विमानांची रहदारी चालू झाली. मधे होते ते एका दिवसाचे मातीकाम.

दुसऱ्या रात्री चौरंगीचा माळही उघडला. तिथे बुलडोझर घेऊन येणारे ग्लायडर कोसळले, म्हणून ब्रॉडवेहून दुसरा आणावा लागला. चौरंगीचे आयुष्य तर आणखी थोडे होते, चार-पाच दिवसांचेच. ती जागा सांभाळायला अवघड होती. काम होताच ती सोडून दिली, आणि त्यानंतर थोड्याच वेळात जपानी विमाने येऊन त्या मोकळ्या माळावर बॉम्ब टाकून गेली.

सुमारे आठवडाभरात या दोन माळांवर ९,००० माणसे, १,३५० च्या आसपास जनावरे आणि २५० टन सामान उतरले. जनावरे म्हणजे मुख्यतः खेचरे. विमानतळ झाला तरी पुढे जंगलात ओझे वाहायला खेचरावाचून गत्यंतर नव्हते. डाकोटाच्या पोटात बांबूंचे गोठे बांधून त्यांत खेचरे उभी केली होती. वाटेत एखादे बिथरले तर सगळे विमानच धोक्यात येणार, म्हणून बरोबरच्या माणसांपाशी त्याला गोळी घालण्याची तयारी असे. पण बहुतेक खेचरांनी हा प्रवास शांतपणे केला. आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. खेचराच्या ओरडण्याने शत्रूला सुगावा लागू नये म्हणून पुष्कळ खेचरांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाज काढून घेतला होता. युद्ध माणसाचे, आणि आवाज गेला मुक्या जनावराचा. ज्यांच्या दावणीला गुरे आहेत त्यांना याहून अधिक सांगायला नको.

त्या सैन्यात ब्रिटिश होते, गुरखे होते, नायजेरियाचे होते, ब्रह्मदेशातले कचिन आणि करेनही होते. ब्रॉडवेभोवती खंदक आणि तारांचे कुंपण झाले. तोफा आल्या. काही दिवस स्पिटफायर लढाऊ विमानेही तिथे राहिली. जपानी विमानांनी हल्ले केले. मार्चअखेर त्यांच्या पायदळाने रात्री हल्ला केला, तो गुरख्यांनी आणि इतरांनी परतवला. २४ मार्च रोजी विंगेट ब्रॉडवेला येऊन गेले. इंफाळहून परत जाताना त्यांचे विमान डोंगरात कोसळले आणि ते मृत्युमुखी पडले. एव्हाना आणखी विमानतळ उघडले होते. रेल्वेलगतच्या मावलू गावापाशी ‘व्हाइट सिटी’ होते. तिथल्या झाडांवर इतकी पॅराशूटे लटकली होती की सगळे रान पांढरे दिसे, म्हणून ते नाव. दुसरे होते ‘अॅबर्डीन’. एप्रिलअखेर याच मुलखात शत्रूच्या पाठीमागून काही जणांना हेलिकॉप्टरने उचलून आणले. युद्धात हेलिकॉप्टरने माणसांची सुटका केल्याचे ते जगातले पहिले उदाहरण मानतात.

याच दिवसांत जपानी फौजा, आणि त्यांच्याबरोबर नेताजींची आझाद हिंद सेना, इंफाळच्या रोखाने निघाल्या होत्या. भारतीय माणूस तेव्हा दोन्ही बाजूंना होता आणि दोन्हीकडे तो घरापासून दूर मरत होता, हे आपण शिकवताना विसरता कामा नये. इंफाळजवळ सांगशाक येथे मार्चच्या चौथ्या आठवड्यात आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण छत्रीधारी ब्रिगेडच्या जोडीने लढली. तिथे धावपट्टी नव्हती. पॅराशूटने टाकलेला दाणापाणी आणि दारूगोळा पुष्कळसा शत्रूच्याच हाती पडे. पाण्यावाचून माणसे तळमळली. ब्रॉडवे आणि सांगशाक एकाच महिन्यातली, पण एकापाशी सपाट जमीन होती आणि दुसऱ्यापाशी नव्हती.

आता शेवट. ब्रॉडवेचे आयुष्य थोडे का ठरले? एक कारण लष्करी होते. विंगेट यांच्यानंतर बेत बदलले आणि सैन्याला उत्तरेकडे सरकायचा हुकूम झाला. दुसरे कारण आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पाऊस जवळ आला! मातीची धावपट्टी पावसाने चिखल होते. मेच्या मध्यावर ब्रॉडवे सोडले. व्हाइट सिटीही त्याच सुमारास सुटले होते. उत्तरेला ‘ब्लॅकपूल’ नावाचा नवा तळ मांडला. पण तिथे पाऊस आणि शत्रू एकदमच आले. तोफांचा मारा चालू, धावपट्टी चिखलात गेलेली, विमान उतरेना. २५ मे रोजी तो तळ सोडावा लागला. तेव्हा तिथे १९ जखमी असे होते की त्यांच्या जगण्याची आशा उरली नव्हती आणि त्यांना हलवणेही शक्य नव्हते. शत्रूच्या हाती सोडण्यापेक्षा त्यांच्याच माणसांनी त्यांना गोळ्या घातल्या. तिथला अधिकारी जॉन मास्टर्स पुढे नामांकित लेखक झाला. त्याने ही गोष्ट लपवली नाही, लिहून ठेवली.

मघाशी १९४३ चे सांगितले, झाडाखाली सोडलेल्या जखमींचे. १९४४ मध्ये ब्रॉडवे होते तोवर ती पाळी टळली होती. जखमी झालेल्याला भरवसा होता की आपल्याला कोणी सोडून जाणार नाही, विमान येईल. धावपट्टी गेली आणि तो भरवसाही गेला. जूनमध्ये इंदॉजी नावाच्या सरोवरावर पाण्यात उतरणारी मोठी विमाने आणून पाचशेच्या आसपास आजारी आणि जखमी माणसे ब्रह्मपुत्रेवर नेऊन पोहोचवली. जमीन चिखल झाली तेव्हा पाण्याचा विमानतळ केला. माणसाची अक्कल अशी अडचणीत चालते.

या मोहिमेचा उपयोग किती झाला यावर इतिहासकारांत वाद आहेत. स्वतः स्लिम यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत असल्या खास सैन्यांवर होणाऱ्या खर्चाविषयी शंका घेतली आहे. तो वाद मी इथे मिटवायला निघालेलो नाही. मला एवढेच वाटते की ज्या आईचा मुलगा त्या माळावरून हलक्या विमानात घालून परत आणला गेला, तिच्यापुरता तो विमानतळ सत्तर दिवस टिकला काय आणि सत्तर वर्षे टिकला काय, सारखेच.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता एक काम तुमच्यासाठी. आज उपग्रहावरून घेतलेले गावाचे चित्र मोबाइलवर दिसते. मुलांना ते मोठ्या कौतुकाने दाखवा, जरूर दाखवा. शाळेचे मैदान त्यात कसे दिसते, ओढा कुठून वळतो, हे त्यांना त्यावर शोधू द्या. मग तोच कागद हातात देऊन त्यांना बाहेर काढा आणि मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावा. चित्रात नसलेले काय काय सापडले, ते पाटीवर लिहायला सांगा. एखादा खड्डा सापडेल, गाडीची चाकोरी सापडेल, पाणी साचण्याची जागा सापडेल. एखाद्या ठिकाणी ओंडके पडलेले दिसले, तर ते कोणी टाकले आणि का टाकले, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून यायला सांगा.

लालाघाटच्या त्या संध्याकाळी जगातले उत्तमोत्तम कॅमेरे हाताशी होते. त्या माळावर ओंडके ओढणारा एखादा लाकूडतोड्या मात्र तिथे नव्हता. तो असता तर त्याने दोन वाक्यांत सांगितले असते, “साहेब, तिकडचे ओंडके आमचेच आहेत, वाळायला टाकलेत. आणि इकडे उतरू नका, गवताखाली चर आहेत.” मग ब्रॉडवेच्या माळावर त्या रात्री मेलेली माणसे कदाचित घरी परतली असती.